मनाचा ब्रेक केव्हा लागतो?

१७९६ साली लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत एका साहाय्यकाची नोकरी गेली. त्याचे नाव डेव्हिड किनेब्रुक. त्याने चोरी केली नव्हती की कामात टंगळमंगळ केली नव्हती. त्याच्या नोंदी वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या आठ दशांश भागाने उशिरा पडत होत्या, एवढाच त्याचा दोष.

त्या काळी वेधशाळेतले काम असे चाले. दुर्बिणीच्या भिंगात उभे धागे ताणलेले असत. एखादा तारा मधला धागा नेमका कोणत्या क्षणी ओलांडतो, ते टिपायचे. शेजारी लंबकाचे घड्याळ टिकटिकत असे. कानाने ठोके मोजायचे, डोळा ताऱ्यावर ठेवायचा आणि दोन ठोक्यांमध्ये तारा कुठून कुठे सरकला यावरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने लिहायचा. वेधशाळेचे घड्याळ या नोंदींवरून लावले जाई आणि भर समुद्रात जहाज कुठे आहे याचे गणितही अखेर अशाच नोंदींवर उभे असे. त्यामुळे मॅस्केलिनसाहेबांना हा फरक खपण्यासारखा नव्हता. त्यांनी किनेब्रुकला समज दिली. तेव्हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता. समज दिल्यावर तो कमी होण्याऐवजी आठ दशांशांवर गेला! मग त्याला निरोपाचा नारळ मिळाला.

आता तुम्ही विचाराल, आकाशातल्या ताऱ्यांचा आणि आपल्या रस्त्यांचा काय संबंध? संबंध आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार आठ दशांश सेकंदात जवळजवळ १८ मीटर पुढे जाते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते, म्हणजे तिच्याहून थोडे कमी. किनेब्रुकची नोकरी घालवणारा तो अवधी आज रोज कोणाचा ना कोणाचा जीव घालवतो. म्हणून त्याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

काही वर्षांनी ग्रीनिचची ही हकिकत कोनिग्सबर्ग शहरातल्या बेसेल या थोर खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात आली. त्याला शंका आली की, हा एकट्या किनेब्रुकचा दोष नसावा. १८२०च्या सुमारास त्याने स्वतःच्या नोंदी इतर नामवंत निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहायला सुरुवात केली. एका निरीक्षकात आणि त्याच्यात एका सेकंदाहूनही थोडा जास्त फरक निघाला. दोघेही तज्ज्ञ, दोघेही दक्ष. तरी फरक होताच. डोळ्याने पाहणे, कानाने ऐकणे आणि दोहोंचा मेळ मनात घालणे याला प्रत्येकाला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो, हे त्यातून पुढे आले. खगोलशास्त्रज्ञ या फरकाला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणू लागले. बिचारा किनेब्रुक मात्र १८०२ सालीच वारला होता. आपण निर्दोष होतो हे त्याला कधी कळलेच नाही.

पुढची पायरी त्याच कोनिग्सबर्गमध्ये चढली गेली. मज्जातंतूंतून संदेश विजेसारखा क्षणात जातो, तो वेग मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे त्या काळचे मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. हेल्महोल्ट्झ या तरुण शास्त्रज्ञाने १८५०च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला. वेग निघाला सेकंदाला सुमारे तीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. माणसाच्या शरीरातले काही मज्जातंतू याहून पुष्कळ वेगवान असतात हे नंतर कळले. पण संदेशाला वेळ लागतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मग हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरात डोंडर्स नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने आणखी बारीक प्रश्न विचारला. संदेश जायला वेळ लागतो हे ठीक. पण विचार करायला किती लागतो? त्याने माणसाच्या पायाला विजेचा हलका झटका दिला आणि त्या बाजूच्या हाताने खूण करायला सांगितले. झटका कोणत्या पायाला बसणार हे आधी ठाऊक असेल तेव्हा खूण लवकर होई. उजवा की डावा हे ठाऊक नसेल, तर सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग जास्त लागे. १८६८ साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजवे की डावे एवढे साधे ठरवण्याची ही किंमत! भर चौकात समोरून रिक्षा, डावीकडून सायकल आणि मध्येच पळत आलेले कुत्रे असेल, तेव्हा मनाला किती पर्याय निवडावे लागत असतील, याचा विचार करा.

हे सगळे प्रयोग चालू होते तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या होत्या आणि आपल्याकडे बैलगाड्या. त्यांचा एक मोठा गुण आपण विसरून गेलो आहोत. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल जागे असत. पायाखालची वाट, समोरचा खड्डा, घराचे वळण त्यांना ठाऊक असे. गाडीला चाकांबरोबर डोळेही होते. मोटार आली आणि हे जादा डोळे गेले. वेग मात्र दहापट झाला. पाहणे, ओळखणे, ठरवणे आणि थांबवणे ही सगळी जबाबदारी एकट्या चालकावर आली.

इंग्लंडमध्ये १८६५च्या कायद्याने यांत्रिक गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा घातली होती. १८९६ साली ती ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीखाली सापडून मृत्यू पावलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी. असा प्रसंग पुन्हा येऊ नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली होती, असे सांगतात. २०२२ या एकाच वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दिवसाला चारशे साठहून जास्त. त्यांत महाराष्ट्रातली पंधरा हजारांवर होती.

प्रयोगशाळेतला सेकंद सामान्य वाहनचालकाच्या हाती पोचायला बराच काळ जावा लागला. ब्रिटनच्या सरकारी ‘हायवे कोड’ या पुस्तिकेत १९४६ साली गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराचे कोष्टक आले. त्यात अंतराचे दोन भाग होते. एक, विचार करण्यात जाणारे अंतर. दुसरे, ब्रेक लागल्यानंतरचे अंतर. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगाला विचारात ९ मीटर जातात आणि ब्रेकखाली १४. ताशी ६० मैलांना विचारात १८ आणि ब्रेकखाली ५५. वेग दुप्पट केला की विचाराचे अंतर दुप्पट होते, पण ब्रेकचे चौपट होते. ब्रेकला गाडीची सगळी गतिज ऊर्जा जिरवायची असते आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. यात मालकाच्या हुशारीला वाव नाही.

या कोष्टकात विचाराला धरलेला वेळ मात्र जेमतेम सात दशांश सेकंद आहे. पाय ब्रेकजवळ ठेवून वाट पाहत बसलेल्या माणसाचा हा वेळ झाला. खऱ्या रस्त्यावर काय होते? स्वीडनमध्ये १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२१ चालकांना सांगून ठेवले होते की, पुढच्या काही किलोमीटरमध्ये केव्हातरी भोंगा वाजेल. वाजला की ब्रेक दाबा. त्यांचा मधला वेळ सुमारे दोन तृतीयांश सेकंद होता. काहीजणांना दोन सेकंदही लागले. धोका अनपेक्षित असेल तर या वेळात एक तृतीयांशाहून जास्त भर घालावी लागते, असा हिशेब संशोधकांनी मांडला.

१९८६ साली अमेरिकेतल्या ओल्सन आणि सिवाक यांनी रस्त्याच्या चढापलीकडे पिवळ्या फोमचा ठोकळा ठेवला. चालकांना त्याची कल्पना नव्हती. शंभरातल्या पंचाण्णव जणांची प्रतिक्रिया यायला सुमारे १.६ सेकंद जावे लागले. तरुण आणि वयस्क यांच्यात फारसा फरक दिसला नाही. ठोकळा येणार हे माहीत असताना मात्र तेच चालक पुष्कळ लवकर सावध झाले. म्हणजे पापणी लवायच्या आत ब्रेक मारणारा तरबेज चालक हा बराचसा आपल्या गप्पांतच असतो. वेळ कमी-जास्त करणारी सर्वांत मोठी गोष्ट एकच, ती म्हणजे अपेक्षा.

रस्ते बांधणारे अभियंते हे फार पूर्वीच शिकले आहेत. आपल्याकडची इंडियन रोड काँग्रेस रस्त्याच्या वळणांचा आणि चढांचा हिशेब करताना चालकाच्या प्रतिक्रियेसाठी अडीच सेकंद धरते. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोर १८० मीटर रस्ता दिसला पाहिजे, असे तिचे प्रमाण आहे. त्यातले सत्तरेक मीटर निव्वळ विचारात जातात. अभियंत्याने तुमच्या मनाला अडीच सेकंद दिलेले असतात. तुम्ही पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालता तेव्हा ते सगळे स्वतःच्या हाताने परत करता.

यावर कोणी म्हणेल, मग सराव करून प्रतिक्रियाच जलद करू या. हाही विचार करून झाला आहे. शर्यतीत मोटारी चालवणाऱ्यांपेक्षा चपळ चालक कुठे मिळणार? अमेरिकेत १९७४ साली विल्यम्स आणि ओनील यांनी परवानाधारक शर्यतपटूंच्या रोजच्या रस्त्यावरच्या नोंदी तपासल्या. सामान्य चालकांपेक्षा त्यांचे अपघातही जास्त आणि वेगाचे गुन्हेही जास्त निघाले. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण नव्या चालकांना सक्तीचे केले, तर १९८०च्या दशकातल्या पाहणीत तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढलेले दिसले. गाडी सावरता येते हा विश्वास आला की माणूस सावरण्याची वेळ आणणारा वेग धरतो. पट्टीचा पोहणारा बुडतो तो असा.

क्रिकेटवेड्यांसाठी आणखी एक दाखला. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मॅक्लिऑड यांनी १९८७ साली दाखवून दिले की, टप्पा पडल्यावर चेंडू अचानक वळला तर मुरलेल्या फलंदाजालाही फटका बदलायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तुम्हाआम्हाला लागतो तेवढाच! मग तो मोठा कशात? तो गोलंदाजाची धाव, मनगट आणि हातातून सुटणारा चेंडू वाचतो. टप्पा कुठे पडणार ते त्याला आधी कळते आणि त्याची नजर चेंडूच्या आधी तिथे जाऊन बसलेली असते. त्याचे कौशल्य चपळाईत कमी आणि ओळखण्यात जास्त आहे.

डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणजे रस्त्यावरची हीच विद्या. ‘बचावात्मक वाहनचालन’ या सरकारी शब्दामुळे ती भित्र्या माणसाची वाटते, पण ती जन्मली पोलिसांत. लंडनच्या पोलिसांनी १९३५ साली हेंडन इथे चालकांसाठी शाळा काढली. पोलिसांच्याच गाड्या फार आपटत होत्या! १९३७ साली लॉर्ड कॉटनहॅम यांना सल्लागार नेमले आणि त्यांनी शिक्षणाला शिस्तबद्ध पद्धत दिली. प्रत्येक वळणाआधी, प्रत्येक चौकाआधी काय पाहायचे, गाडी कुठे घ्यायची, वेग केव्हा उतरवायचा, याचा क्रम ठरला. १९५५ साली ‘रोडक्राफ्ट’ हे पोलीस चालकांचे पुस्तक सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. या परंपरेतला एक धडा रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल. गाडी चालवताना जे दिसते त्याचे मोठ्याने धावते समालोचन करायचे. ‘पुढे शाळेची पाटी... डावीकडे बस उभी, खाली पाय दिसताहेत... कोणीतरी रस्ता ओलांडणार... पाय ब्रेकवर.’ तोंड बोलत राहिले की डोळे शोधत राहतात. दिसलेला धोका मग अनपेक्षित राहत नाही.

अमेरिकेत १९५२ साली हॅरोल्ड स्मिथ यांनी हीच गोष्ट पाच सूत्रांत बसवली. नजर दूर ठेवा. आजूबाजूचे सगळे चित्र पाहा. डोळे फिरते ठेवा. निसटायला जागा राखा. आणि आपण इतरांना दिसतो आहोत याची खात्री करा. पाचांपैकी एकही सूत्र ब्रेक कसा दाबावा याविषयी नाही. १९६४ साली तिथल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलने डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा अभ्यासक्रम सुरू केला आणि हे नाव जगभर पोचले. ब्रिटनने २००२ सालापासून परवान्याच्या परीक्षेत चित्रफिती आणल्या. उमेदवाराने पडद्यावरच्या रस्त्यावर उभा राहू पाहणारा धोका ओळखून कळ दाबायची. जितक्या लवकर ओळखेल तितके गुण जास्त.

इथे एक कडू सत्यही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या त्या अभ्यासक्रमाच्या परिणामांचा १९८५ साली आढावा घेतला गेला. वर्गात बसून आलेल्यांचे नियमभंगाचे गुन्हे थोडे कमी झाले, पण अपघात कमी झाल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. आठ तासांच्या वर्गाने माणूस बदलत नाही. मॅस्केलिनच्या समजावण्याने किनेब्रुक बदलला नाही, तसेच हे. ज्ञान डोक्यात राहते. गाडी चालते ती हातापायांच्या सवयीने. सवय रोज, विनाकारण, धोका नसतानाही पाळावी लागते.

ही सवय आपल्याला परकी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार करण्याची प्रथा एसटीत आहे. अशा चालकाशेजारी कधी बसून पाहा. तो जोरात ब्रेक मारताना क्वचितच दिसेल. लांबवर गुरे दिसली की पाय आधीच उचललेला. चेंडू रस्त्यावर आला की त्यामागून पोर येणार, हे त्याने धरलेलेच. उसाच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे असेल, आषाढात रस्त्याकडेने दिंडी चालत असेल, हे त्याला दिसण्याआधी ठाऊक असते. तो जलद नाही. तो लवकर आहे. मोबाइलवर बोलणाऱ्याचे नेमके उलटे होते. डोळे उघडे असतात, पण अपेक्षा दुसरीकडे गेलेली असते.

तुम्हाआम्हाला यातले काय जमेल? सर्वांत सोपे म्हणजे अंतर. पुढची गाडी रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडेल तेव्हा मनात मोजायला लागा, ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’. तीन पुरे व्हायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात, तर जवळ आहात. पावसात आणि रात्री हे अंतर वाढवा. पुढची गाडी अचानक थांबली तरी टक्कर होऊ नये इतके अंतर ठेवावे, हे आपल्या १९८९च्या वाहतूक नियमांतही होते आणि २०१७च्या नव्या नियमांतही आहे. तरीही देशातल्या दर पाच अपघातांतला सुमारे एक मागून दिलेल्या धडकेचा असतो.

लोक लगेच म्हणतात, ‘अंतर ठेवले की मधे दुसरा घुसतो.’ घुसतोच. त्याला घुसू द्यावे आणि पुन्हा थोडे मागे राहावे. हिशेब करून पाहा. एक गाडी घुसली की तुम्ही साधारण दोन-तीन सेकंद मागे पडता. मुंबई-पुणे प्रवासात तीस गाड्या घुसल्या तरी एक-दीड मिनिटाचा प्रश्न. तेवढा वेळ टोलनाक्यावर सुटे पैसे शोधण्यात आपण वर्षानुवर्षे घालवलाच आहे!

आपल्या घाटांत एक जुनी पाटी दिसते : ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’. ती लिहिणाऱ्याने बेसेल किंवा डोंडर्स वाचला असण्याची शक्यता कमीच. पण दोनशे वर्षांच्या मोजमापाचे सार तिच्यात आले आहे. फक्त एक गोष्ट तिच्यापुढे जोडायला हवी. मनाचा ब्रेक लागायला दीड सेकंद लागतो. घाबरलेल्या, थकलेल्या किंवा प्यायलेल्या मनाला त्याहून जास्त. हा वेळ ऐनवेळी कोणालाही मिळत नाही. तो आधीच मोकळ्या रस्त्याच्या रूपाने पुढे ठेवलेला असावा लागतो. पुढच्या गाडीमागे जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नसते. तुमचे मन आणि तुमच्या शेजारी बसलेली माणसे त्या जागेच्या भरवशावर असतात.